छोट्या शिडाच्या होडीचे डेक गळते तेव्हा: गळती शोधण्याची आणि बुजवण्याची रीत

केबिनमधल्या गादीचा कोपरा ओला लागला की नवा होडीमालक त्या गादीच्या बरोबर वर असलेली खिडकी तपासतो, तिच्या कडेने सिलिकॉनची एक रेघ ओढतो आणि गळती बंद झाली असे धरून चालतो. मुंबई बंदरात मूरिंगला, म्हणजे पाण्यातल्या बोयाला, बांधलेल्या माझ्या २४ फुटी फायबरच्या होडीवर मी दोन हंगाम हेच केले. तिसऱ्या हंगामात छताचे अस्तर उतरवले तेव्हा कळले, की पाणी खिडकीतून येतच नव्हते. डिंगीतून, म्हणजे ने-आण करणाऱ्या छोट्या नावेतून, होडीवर चढताना आम्ही सगळे कठड्याच्या ज्या खांबाला, म्हणजे स्टँचनला, धरत होतो तो खिडकीच्या सुमारे चार फूट पुढे होता; पाणी त्याच्या पायाशी शिरत होते, अस्तरामागून उताराने वाहत येत होते आणि खिडकीच्या चौकटीला अडून तिथे ठिबकत होते. तोवर स्टँचनभोवतीचा डेकचा गाभा कुजला होता आणि एका दुपारचे काम तीन आठवड्यांवर गेले होते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून ही सगळी रीत क्रमाने लिहीत आहे. ती २० ते ३० फुटी फायबरच्या होड्यांना लागू पडते. लाकडी फळ्यांच्या डेकचे काम निराळे असते, ते येथे घेतलेले नाही.

आधी डेकची रचना समजून घ्या

फायबरच्या बहुतेक छोट्या होड्यांचे डेक एकसंध नसते. वर फायबरचा एक पातळ थर, खाली दुसरा, आणि दोहोंच्या मध्ये बालसा लाकडाचा किंवा प्लायवूडचा गाभा अशी ती रचना असते. १९७७ पासून बनत आलेल्या जे-२४ या सुप्रसिद्ध होडीचे तर डेकच नव्हे, खालचे अंगही बालसाच्या गाभ्याचे आहे. या रचनेमुळे डेक हलके राहूनही ताठ राहते. पण क्लीट (दोरी बांधायचा खुंटा), विंच (दोरी ओढायची चरखी), स्टँचन, शिडाच्या दोरीचा रूळ असे जे जे डेकवर बसवायचे, त्यासाठी हे तिन्ही थर भेदणारी भोके पाडावी लागतात आणि भोकाच्या भिंतीत गाभा उघडा पडतो. भोकातले सीलंट निकामी झाले की पाणी आधी गाभ्यात मुरते आणि केबिनमध्ये बऱ्याच उशिरा दिसते. बालसाचे तंतू उभे लावलेले असल्याने पाणी लाकडातून आडवे सावकाश पसरते, परंतु बालसाच्या तुकड्यांमधल्या चिरांतून ते सहज पुढे सरकते. म्हणून गादीवर पडणाऱ्या थेंबापेक्षा गाभ्यात राहिलेल्या पाण्याची काळजी अधिक करायला हवी. गाभा कुजला की वरचा थर सुटतो, डेक पायाखाली दबू लागते आणि त्यावर बसवलेल्या वस्तूंची पकड जाते.

लागणारे साहित्य

शोधासाठी: विजेरी, टिश्यू पेपर, खडू, टाल्कम पावडर, मास्किंग टेप, पाण्याचा पाइप, प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणि एक वही.

दुरुस्तीसाठी: पान्हे, ड्रिल मशीन, भोकाची कड तिरपी करणारे काउंटरसिंक बिट, एक जुनी ॲलन की किंवा वाकवलेला खिळा, व्हॅक्यूम क्लीनर, ॲसिटोन, सुती चिंध्या, इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारे रेझिन) आणि तिचे हार्डनर, इपॉक्सी घट्ट करणारी कोलॉइडल सिलिका, इंजेक्शनची सिरिंज, ब्यूटिल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) किंवा सागरी वापराचे सीलंट, ३१६ दर्जाचे स्टेनलेस नट-बोल्ट आणि मोठे वायसर, हातमोजे, रसायनांची वाफ रोखणारा मास्क आणि चष्मा.

कागदपत्रांपैकी होडीच्या डेकचा आराखडा मिळत असेल तर तो जवळ ठेवा. नसेल तर डेकचे वरून एक चित्र वहीत काढा आणि प्रत्येक बोल्टाला क्रमांक द्या. आधीच्या मालकाने कुठे नवीन भोके पाडली हे त्यांना विचारून घ्या, कारण कारखान्यात गाभा वगळून ठेवलेल्या जागा सोडून नंतर पाडलेली भोकेच बहुधा आधी गळतात. आणखी एक गोष्ट म्हणजे सोबतीला माणूस हवा. एकाने वर पाणी सोडायचे आणि दुसऱ्याने आत विजेरी घेऊन बसायचे. हे काम एकट्याने नीट होत नाही.

१. वेळ निवडा

कुलाब्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि या बंदरातल्या बहुतेक छोट्या होड्या त्याआधी पाण्याबाहेर काढल्या जातात. गळती शोधायची तर होडी बाहेर काढण्याच्या सुमारास, एप्रिल-मेमध्ये, पाइपाने पाणी सोडून शोधावी. गाभा सुकवणे आणि इपॉक्सी भरणे ही कामे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत करावीत. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो आणि त्यावर पुढचा थर धरत नाही. पावसाळ्यातच गळती लक्षात आली तर त्या जागेवर ब्यूटिल टेपचा तात्पुरता तुकडा दाबून बसवा, खालून वारा खेळेल अशी ताडपत्री बांधा आणि पाऊस सरण्याची वाट पाहा.

२. पाणी कुठले, ते ओळखा

ओल्या जागेवर बोट फिरवून जिभेला लावा. चव खारट असेल तर पाणी समुद्राचे आहे, म्हणजे ते बहुधा होडी एका अंगावर कलून धावत असताना डेक आणि होडीचे अंग जुळते त्या कडेच्या सांध्यातून किंवा चेनप्लेटमधून (डोलकाठीच्या तारा जिला बांधतात त्या धातूच्या पट्टीजवळून) आले आहे. चव गोडी असेल तर ते पावसाचे किंवा डेक धुतल्याचे आहे. बिल्जमधले, म्हणजे होडीच्या तळाशी साचलेले, पाणी मात्र या परीक्षेत धरू नका, कारण तिथे सगळे मिसळलेले असते. डेकमधून खाली कीलपर्यंत, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्यापर्यंत, जाणारी डोलकाठी असेल तर तिच्या पोटातून थोडे पावसाचे पाणी बिल्जमध्ये उतरणारच. शीड वर चढवणाऱ्या दोऱ्यांची (हॅल्यार्डची) डोलकाठीतली तोंडे उघडी असतात, तो डेकचा दोष नव्हे. बंद केबिनमध्ये पहाटे छतावर जमणारे दव हीसुद्धा गळती नव्हे. ते सगळीकडे सारखे पसरलेले असते, तर गळतीचा माग एका रेषेत उतरतो.

३. आतून मोकळे करा आणि कोरडे करा

गाद्या, कप्प्यांतले सामान आणि छताचे अस्तर काढता येईल तेवढे काढा. बोल्टांची टोके डोळ्यांना दिसली पाहिजेत. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून अनेक जण तो टाळतात आणि मग अंदाजाने दुरुस्ती करत बसतात. गंजाचा ओघळ, चहाच्या रंगाचा डाग, सुकलेल्या मिठाची पांढरी रेघ आणि लाकडी बल्कहेडचा, म्हणजे केबिनच्या आडव्या भिंतीचा, काळवंडलेला वरचा कोपरा हे जुन्या गळतीचे साक्षीदार असतात; त्यांची नोंद वहीतल्या चित्रावर करा. मग आतला सगळा भाग गोड्या पाण्याने पुसून दोन दिवस पूर्ण वाळू द्या, कारण मिठाचा अंश राहिला तर तो हवेतला ओलावा ओढतो आणि न गळणारी जागाही ओलसर लागते.

४. डेक ठोकून ऐका

बाजारात मडके घेताना आपण ते टिचकी मारून पाहतो, तेच येथे करायचे आहे. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने डेक दोन-दोन इंचांवर ठोकत जा. गाभा शाबूत असेल तर आवाज खणखणीत येतो. गाभा ओला किंवा सुटलेला असेल तर तो बद्द येतो. बद्द आवाजाची हद्द खडूने आखून घ्या. ही खूण नुकसान किती पसरले ते सांगते, पाणी कुठून शिरले ते सांगत नाही. परंतु बद्द आवाजाच्या पट्ट्याच्या चढाच्या बाजूला असलेल्या वस्तूवर पहिला संशय घ्या.

५. पाइपाची परीक्षा

प्रत्येक बोल्टाच्या टोकाखाली आतून टिश्यू पेपरचा तुकडा टेपने चिकटवा आणि छताच्या कडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. पावडरीवरून पाणी गेले की त्याची वाट उमटते. मग वरून मंद धारेने पाणी सोडायला सुरुवात करा. सुरुवात सर्वांत खालच्या जागेपासून करायची आणि हळूहळू चढाकडे सरकायचे, हा या परीक्षेचा प्राण आहे. वरून सुरुवात केली तर खाली वाहणारे पाणी सगळ्याच वस्तूंना भिजवते आणि कोण गळले ते कळत नाही. एका वस्तूवर किमान दहा मिनिटे पाणी राहू द्या. जोराचा फवारा मारू नका. त्याने कधीच न गळणारी फटही गळते.

आमच्या वेळी माझा भाचा आत बसला होता. खिडकीवर पंधरा मिनिटे पाणी सोडूनही सारे कोरडे होते. स्टँचनच्या पायाशी धार धरली आणि सातव्या मिनिटाला त्याने हाक मारली: मागच्या बोल्टाच्या नटावर एक तपकिरी थेंब फुगत होता. तो पडला, टिश्यूवर चहासारखा डाग पसरला आणि लगोलग दुसरा थेंब तयार झाला. पाण्याचा तपकिरी रंग म्हणजे ते कुजलेल्या लाकडातून येत आहे, हे लक्षात ठेवा.

हॅचसाठी, म्हणजे डेकवरच्या झडपेच्या दारासाठी, सोपी युक्ती आहे. चौकटीच्या कडेला खडू घासा, हॅच बंद करून पुन्हा उघडा; रबरी पट्टीवर खडूची रेघ जिथे तुटक उमटली असेल तिथे पट्टी टेकत नाही.

पाइपानेही गळती सापडली नाही तर हवेची परीक्षा करता येते. हॅच आणि हवेची तोंडे टेपने बंद करून ब्लोअरने केबिनमध्ये हलका दाब निर्माण करावा आणि डेकवर साबणाचे पाणी लावावे; गळक्या जागी बुडबुडे येतात. दाब बेताचाच ठेवा आणि विजेचे यंत्र पाण्यापासून दूर ठेवा.

६. संशयितांचा क्रम

माझ्या अनुभवात सर्वांत वरचा क्रमांक स्टँचनच्या पायांचा. खांब सुमारे दोन फूट उंच असतो आणि माणूस त्याच्या टोकाला धरून वर चढतो, म्हणजे पायाच्या बोल्टांवर तरफेचा जोर पडतो आणि सीलंट फाटते. नव्या पाहुण्यांना डिंगीतून चढताना खांबाला नव्हे, चेनप्लेटजवळच्या डोलकाठीच्या तारेला धरायला सांगा.

त्यानंतर चेनप्लेट. डोलकाठीला तोलून धरणाऱ्या तारांची ही पट्टी डेकमधून आरपार जाते आणि होडी धावताना सतत किंचित हलते. येथे गळती असेल तर ती अंगावर काढू नका. स्टेनलेस स्टील हवा न मिळता ओले राहिले की आतल्या आत बारीक खड्डे पडून गंजते. वरून चकचकीत दिसणारी पट्टी डेकच्या जाडीत अर्धी खाल्लेली असू शकते आणि ती तुटली तर डोलकाठी कोसळते. गंजाचा ओघळ दिसला तर चेनप्लेट पूर्ण बाहेर काढून तपासा. मात्र ज्या तारेने डोलकाठी उभी आहे ती आधार दिल्याशिवाय सोडू नका. शक्य तर डोलकाठी उतरवलेली असतानाच हे काम करा.

पुढे जिनोआचा, म्हणजे पुढच्या मोठ्या शिडाचा, रूळ, विंच, हाताने धरायचे लाकडी दांडे, क्लीट, विजेच्या तारांचे तोंड आणि खिडक्या. डेक आणि होडीचे अंग जिथे जुळते तो कडेचा सांधा सर्वांत चिवट. होडी कललेली असतानाच खारे पाणी आले आणि इतर सर्व जागा निर्दोष ठरल्या, तरच त्याच्याकडे वळा.

७. वस्तू काढा आणि गाभा तपासा

गळकी वस्तू काढल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. तिच्या कडेने वरून सीलंट फासणे, आतून बोल्टावर एम-सील थापणे, हे दोन्ही टाळा. आतून बुजवले तर पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि शिरण्याची चालू राहते. सगळे पाणी गाभ्यात साठते आणि केबिन मात्र कोरडी दिसते.

बोल्ट निघाला की वाकवलेल्या तारेने भोकाच्या भिंतीतला गाभा कोरून पाहा. भुसा फिकट, हलका आणि कोरडा आला तर तुम्ही वेळेवर पोहोचला आहात. माझ्या भोकातून चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा आला आणि त्याला डबक्याचा वास होता.

खराबी बोल्टाभोवती दोन-तीन इंचांत असेल तर ती तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता. बद्द आवाजाचा पट्टा वीतभर किंवा त्याहून मोठा असेल तर फायबरचा एक थर कापून गाभा बदलावा लागतो. ते पहिल्यांदाच हात घालणाऱ्याचे काम नव्हे, जाणत्या कारागिराला बोलवा. डेकवर अनेक बारीक भोके पाडून त्यांत इपॉक्सी टोचण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ओल्या गाभ्यात तो उपयोगी पडत नाही: इपॉक्सी पाण्याला चिकटत नाही आणि कूज आत तशीच राहते.

८. भोकाभोवती इपॉक्सीचे कडे तयार करा

(क) ॲलन कीचे सरळ टोक ड्रिल मशीनला लावा, वाकडे टोक भोकात घालून सावकाश फिरवा आणि दोन थरांमधला गाभा चहूबाजूंनी किमान अर्धा इंच पोखरून काढा. वरचा आणि खालचा फायबरचा थर मोठा होऊ देऊ नका. भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या.

(ख) वाळू द्या. हा टप्पा दिवसांत मोजायचा आहे. होडीवर छत असेल तर भोके उघडी ठेवा. रात्री भोकावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा टेपने लावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला बाष्प दिसले तर गाभा अजून ओला आहे. माझ्या होडीला यासाठी ११ दिवस लागले. वाळल्यावर भोक ॲसिटोनने पुसा. ॲसिटोनची वाफ पेट घेते, म्हणून केबिन उघडी ठेवा आणि जवळपास ठिणगी होऊ देऊ नका.

(ग) खालून भोक टेपने पक्के बंद करा. आधी पातळ इपॉक्सी सिरिंजने भरा, काही मिनिटे लाकडाला पिऊ द्या आणि उरलेली परत ओढून घ्या. मग तीत कोलॉइडल सिलिका मिसळून श्रीखंडाइतकी घट्ट करा आणि बुडबुडे न राहतील अशी काठोकाठ भरा. हार्डनरचे प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घ्या. लवकर वाळावे म्हणून ते वाढवले तर इपॉक्सी कायमची मऊ राहते. आपल्या उन्हात संथ हार्डनर वापरा आणि एका वेळी थोडीच कालवा. खोल भांड्यात राहिलेली इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने धुमसू लागते. फायबरच्या दुकानात सहज मिळणारे पॉलिएस्टर रेझिन येथे चालणार नाही, कारण ते आक्रसते आणि लाकडाला कमी धरते.

(घ) पूर्ण घट्ट झाल्यावर पृष्ठभाग साध्या पाण्याने धुऊन पॉलिश पेपरने घासा आणि इपॉक्सीच्या मधोमध नवे भोक पाडा. आता बोल्ट इपॉक्सीतून जातो. पुढे कधी सीलंट निकामी झाले तरी पाणी केबिनमध्ये ठिबकेल, गाभ्यात शिरणार नाही.

९. सीलंट निवडा आणि वस्तू बसवा

डेकवरच्या धातूच्या वस्तूंसाठी मी ब्यूटिल टेप वापरतो. ती कधी कडक होत नाही, हालचाल सोसते आणि वस्तू पुन्हा काढता येते. पॉलीसल्फाइडही चांगले, पण ॲक्रिलिकच्या खिडक्यांना आणि काही प्लास्टिकच्या वस्तूंना ते लावू नका, त्यांना ते इजा करते. थ्री-एम ५२०० सारखे कायमचे चिकटणारे पॉलीयुरेथेन डेकवरच्या वस्तूंना नको. पुढे वस्तू काढताना फायबरचा थर उचकटून येतो. साधे सिलिकॉन सर्वांत घातक ठरते, कारण त्याचा अंश फायबरवर राहिला की त्यावर दुसरे सीलंटही धरत नाही आणि रंगही धरत नाही. आधीच्या कोणी ते लावले असेल तर शेवटचा कणही खरवडून आणि घासून काढा.

भोकाची वरची कड काउंटरसिंकने दोन मिलिमीटर तिरपी करा. त्या खोबणीत ब्यूटिल दाबले जाऊन बोल्टाच्या मानेभोवती कडे बनते आणि खरे काम तेच करते. बोल्टाच्या डोक्याखाली ब्यूटिलची बारीक वात गुंडाळा, वस्तूच्या तळाला टेप लावा आणि ती जागेवर ठेवा. आतून मोठे वायसर, त्याहून चांगले म्हणजे फायबरच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीचा आधार द्या. घट्ट करताना वरचे डोके स्क्रूड्रायव्हरने स्थिर धरा आणि आतून फक्त नट फिरवा. बोल्टच फिरवला तर बसलेले कडे फाटते. ब्यूटिल हळूहळू दबते, म्हणून एकाच बैठकीत सारा जोर लावू नका. तीन-चार दिवस रोज थोडे आवळत जा आणि कडेने बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाका.

१०. पुन्हा पाणी सोडा

अस्तर आणि गाद्या लावण्याआधी पाइपाची परीक्षा तशीच पुन्हा करा, या वेळी प्रत्येक दुरुस्त जागेवर वीस मिनिटे. टिश्यू कोरडे राहिले तरच अस्तर लावा. वहीतल्या चित्रावर बोल्टाचा क्रमांक, तारीख आणि वापरलेले सीलंट लिहून ठेवा. मग दर वर्षी होडी पाण्यात उतरवण्याआधी प्रत्येक नटाखाली बोट फिरवून ओल लागते का ते पाहा, आणि मे महिन्यात होडी बाहेर काढताना स्टँचनचा एकेक खांब हाताने हलवून बघा. जो किंचितही हलेल तो त्याच आठवड्यात उघडून बसवा.